वाढणे, वाढवणे आणि इंग्रजी क्रियापदे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी शिकवणाऱ्या पुरवण्यांत आणि क्लासच्या पत्रकांत ‘इन्क्रीज, ग्रो, राइझ, रेझ, एक्स्पांड : वाढणे’ अशी एका ओळीची यादी हमखास छापलेली असते. ती पाठ करणारा विद्यार्थी यांतले कोणतेही क्रियापद कुठेही लावतो आणि उत्तरपत्रिकेत ‘माय हेल्थ इज इन्क्रीज्ड’ असे वाक्य उतरते. मग त्याला सल्ला मिळतो, ‘मराठीत विचार करू नकोस, इंग्रजीतच विचार कर.’ आम्हाला हा सल्ला पटत नाही. निदान या क्रियापदांपुरते तरी मराठी वाक्य शेवटच्या प्रत्ययापर्यंत नीट पाहिले, तर निम्मे उत्तर तिथेच हाती लागते.

सर्वांत जास्त गोंधळ ‘राइझ’ आणि ‘रेझ’ यांचा. पावसाळ्यात आमच्याकडे रोज कानावर पडणारे वाक्य घेऊ : कोयनेचे दरवाजे 2 फुटांनी उचलले आणि कृष्णेचे पाणी वाढले. दरवाजे कोणीतरी उचलले, पाणी मात्र आपले आपण वाढले. इंग्रजीत हे होते ‘द गेट्स वेअर रेझ्ड बाय टू फीट, अँड द रिव्हर रोझ’. मराठीत ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’ यांत जो फरक आहे, तोच इथे आहे, आणि तो मराठी मुलाला शाळेत येण्याआधीच अवगत असतो. ‘भाडे वाढले’ आणि ‘मालकाने भाडे वाढवले’ यांत तो कधीच चुकत नाही. म्हणून कसोटी एकच : वाक्यात ‘कोणी वाढवले?’ हा प्रश्न बसतो का? बसत असेल तर ‘रेझ’, नसेल तर ‘राइझ’. रूपे मात्र पाठच करावी लागतात. राइझ, रोझ, रिझन हे एक कुटुंब. रेझ, रेझ्ड, रेझ्ड हे दुसरे. ‘द प्राइसेस रेझ्ड’ आणि ‘ही रोझ हिज हँड’ या दोन्ही चुका कुटुंबांची सरमिसळ झाल्याने होतात. ‘इन्क्रीज’ दोन्हीकडे चालते, त्यामुळे संख्या, दर, वेग, उत्पन्न अशा मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी अडल्यावेळी तेच सुरक्षित.

इथे मराठीचा एक सापळाही आहे, आणि तो शिकवणाऱ्यांनी उघड करून सांगितला पाहिजे. ‘किमती वाढल्या आहेत’ यातला ‘आहेत’ पाहून मुले ‘प्राइसेस आर इन्क्रीज्ड’ लिहितात. मराठीतले हे ‘आहे’ पूर्ण वर्तमानकाळाचे आहे, इंग्रजीत त्या जागी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ येते : ‘प्राइसेस हॅव इन्क्रीज्ड’. ‘आर’ घातले की अर्थ ‘किमती वाढवल्या जातात’ असा कर्मणी होऊन बसतो. ‘प्राइसेस आर रिझन’ तर मुळातच बसत नाही, कारण ‘राइझ’ला कर्म नाही आणि ज्याला कर्म नाही त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही.

‘वाढणे’ या शब्दाचा आवाका मराठीत प्रचंड आहे. आपण पानात भात वाढतो, देवापुढे नारळ वाढवतो, आणि ‘बांगडी फुटली’ न म्हणता ‘वाढली’ म्हणतो. म्हणूनच काय वाढले ते पाहिल्याशिवाय इंग्रजी क्रियापद निवडता येत नाही. रोप, मूल, केस, नखे, झाडासारखी हळूहळू वाढणारी मागणी किंवा अर्थव्यवस्था यांना ‘ग्रो’. तेच सकर्मक करून शेतकरी कांदा ‘ग्रो’ करतो, माणूस दाढी ‘ग्रो’ करतो. पण आईवडील मुलांना ‘ग्रो’ करत नाहीत, ते ‘ब्रिंग अप’ किंवा ‘रेझ’ करतात. ‘ग्रो अप’ हे माणसाच्या मोठे होण्यासाठी, उसासाठी नव्हे. वजन वाढले तर ‘गेन वेट’ किंवा ‘पुट ऑन वेट’. पाऊस वाढला तर ‘द रेन गॉट हेविअर’. दुखणे वाढले तर ‘गॉट वर्स’. तब्येत मुळात वाढत नाही, मराठीतही ती सुधारते. तशी इंग्रजीतही ‘इम्प्रूव्ह’ होते. अर्जाची मुदत ‘एक्स्टेंड’ करतात, धंदा ‘एक्स्पांड’ करतात, रेडिओचा आवाज ‘टर्न अप’ करतात.

आकडे आले की तर प्रत्ययच सर्वस्व. ‘पाणी 5 फुटांनी वाढले’ यातला ‘नी’ म्हणजे ‘बाय’. ‘पाणी 40 फुटांवर गेले’ यातला ‘वर’ म्हणजे ‘टू’. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. तिथे ‘रोझ बाय फॉर्टी फीट’ लिहिले तर बातमीचा अर्थच उलटतो. आणि एक विनंती खास वृत्तपत्रांना. फेब्रुवारी 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.25 वरून 6.50 टक्के केला. ही वाढ पाव टक्काबिंदूची (टक्काबिंदू म्हणजे दोन टक्केवारींची सरळ वजाबाकी). आधीच्या दराच्या मानाने ती 4 टक्के भरते. 6.25 मध्ये खरोखर 0.25 टक्क्याची भर घातली तर उत्तर जेमतेम 6.27 येईल. इंग्रजीत म्हणून ‘बाय 0.25 पर्सेंटेज पॉइंट’ लिहितात. मराठीतही ‘टक्काबिंदू’ हा शब्द नियमाने वापरायला हवा.

‘होणे’चेही असेच. पाने पिवळी झाली : ‘टर्न्ड यलो’, कारण रंगबदलाला ‘टर्न’ शोभते. माणूस अठरा वर्षांचा झाला, तिथेही ‘टर्न’. दूध खराब झाले, डोळे गेले, दिवाळे निघाले : बिघाडाकडे जाणारा बदल ‘गो’ने, म्हणजे ‘गो बॅड’, ‘गो ब्लाइंड’, ‘गो बँकरप्ट’. ती डॉक्टर झाली : ‘बिकेम अ डॉक्टर’. इथे ‘गॉट अ डॉक्टर’ म्हटले तर तिला डॉक्टर मिळाला असा अर्थ होतो. ‘गेट’ पुढे विशेषण चालते (‘गेट टायर्ड’, ‘गेट डार्क’), व्यवसाय चालत नाही.

अडचण उद्भवते तिला ‘अराइझ’ आणि शिंप्याकडे कपडा ‘ऑल्टर’ करतात, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. तिथे जास्त वेळ घालवायला नको.

तेव्हा यादी छापायचीच असेल, तर प्रत्येक क्रियापदापुढे नुसता मराठी प्रतिशब्द देऊ नये. कोण किंवा काय वाढते, कर्म लागते का, पुढे ‘बाय’ येते की ‘टू’, एवढे तीन रकाने असावेत आणि खाली एक पूर्ण मराठी वाक्य. उदाहरणार्थ ‘रेझ’ : कर्ता माणूस किंवा संस्था, कर्म लागतेच (भाडे, दर, हात, दरवाजा), किती ते ‘बाय’, कुठवर ते ‘टू’, वाक्य : मालकाने भाडे 500 रुपयांनी वाढवले.

आपले,
माध्यमिक शाळांतील इंग्रजीचे काही शिक्षक, सांगली