दोन पानं वर, दोन पानं खाली: मावशींना जाहीर पत्र

मावशी,
सा. न. वि. वि.

तुम्हाला वाचता येत नाही हे ठाऊक असूनही लिहितोय, तेही चारचौघांत. नात मोबाइलवर वाचून दाखवेलच. समोर येऊन आभार मानले असते तर "काय तरीच बोलताय दादा" म्हणत तुम्ही चहा टाकायला उठला असता आणि विषय संपला असता.

त्या दिवशी सदाशिव पेठेतल्या आमच्या जिन्यात मी बोहारणीशी घासाघीस करत होतो. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि कपाट एकदाचं रिकामं करायचंच, असं ठरवलं होतं. जरीच्या दोन साड्यांवर स्टीलचा डबा जमत होता. विटलेल्या सुती नऊवारींना मात्र ती हातही लावेना. शेजारच्या पोळ्या आटपून तुम्ही उतरत होतात. एक लुगडं उचलून उजेडाकडे धरलंत, दोन बोटांत ओढून पाहिलंत आणि म्हणालात, "दादा, जरीचं न्या म्हणावं तिला. गोधडी ह्याची हुती."

मला वाटलं, तुम्ही शिवून द्याल. तुम्ही मला सुई धरायला लावलीत! बँकेत बत्तीस वर्षं नोटा मोजलेला माणूस सुईत दोरा ओवायला दहा मिनिटं घेतो, हे बघून तुम्ही किती हसलात.

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याची चार पानं केली की दोन जोडून वरचा पदर, दोन जोडून खालचा, आणि दोन माणसं पांघरतील एवढी गोधडी होते. हे गणित मी कागदावर मांडेपर्यंत तुम्ही हाताच्या वावेनं मापून फाडूनही मोकळ्या झाला होतात. कात्री नाहीच. टोकाला जरासं कातरलं, टर्रकन ओढलं, की सुती कापड आडव्या धाग्यात सरळ फाटतं. तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता, हे तेव्हा बोललो नाही.

आत भरायला मी ऐटीत माझे टेरिकॉटचे शर्ट आणले. तुम्ही ते बाजूला भिरकावलेत. घाम शोषत नाही, आत सरकतं, गोळा होतं. आईची परकराची कापडं, जुनी धोतरं, मधे विरलेल्या चादरी घेतल्यात. चादर मधेच झिजते, कडा वर्षानुवर्षं धड राहतात, हे पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. सुती शर्ट असला तर बटणं काढायची, कॉलर-कफ कापायचे, जाड शिवणी उसवायच्या, नाहीतर सुई मोडते. (तीन मोडल्या. तिन्ही माझ्याच हातून.)

मग गच्चीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर विटा. दोऱ्याला मेणबत्ती घासायची, म्हणजे गाठ बसत नाही. कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. तुमचे टाके साबुदाण्याएवढे, माझे भुईमुगाच्या शेंगेएवढे. ते उसवायला तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. सगळं धरून अडीच महिने लागले, कारण तुमच्या चार घरच्या पोळ्या सांभाळूनच हे चाललं होतं. पैशांचा विषय काढला तेव्हा तुम्ही दोऱ्याच्या रिळांचे तेवढे घेतलेत, आणि मी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं. ते अजून मनाला लागून आहे.

खरे आभार मानायचेत ते एका कोपऱ्याचे. एका लुगड्याच्या टोकाला परटाची बिब्ब्याची खूण होती, आमच्या घराची. किती धुण्यांनंतरही काळीच. डाग दिसेल म्हणून मी ते टोक आत दुमडत होतो. तुम्ही माझा हात धरलात. "आईची वळख हाय ती, वर ऱ्हाऊ द्या." आता ती खूण बरोबर माझ्या उशाशी येते. डिसेंबरच्या थंडीत गोधडी ओढताना अंगठा आपसूक तिच्यावर जातो.

उरलेल्या चिंध्यांचंही सांगतो, कारण तुम्ही विचारालच. टी-शर्टच्या पट्ट्या ओढल्या की आपोआप गुंडाळतात; त्यांच्या वेण्या घालून पायपुसणं केलं. जुन्या पँटच्या पायाची पिशवी मात्र तुमच्या पद्धतीनं: खालची दुमडलेली कड तोंडाला, कापलेली बाजू बुडाला. 2018 साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून मी मंडईत दर वेळी नवी कापडी पिशवी विकत घेत होतो, नंतर विसरत होतो. ही विसरत नाही. बायको म्हणते, पँट मी घालायचो तेव्हा एवढी जपली नव्हती.

अजून दोन लुगडी कपाटात आहेत. दोरा रविवार पेठेतून आणून ठेवलाय, जाड, पांढरा, तुम्ही सांगितला होता तोच. आमच्या गच्चीवर ऊन अकरापर्यंत असतं. या वेळी शिलाईचे पैसे घेणार असाल तरच या, आणि पहिलं पान मला फाडू द्या.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा दादा