शिंकांचे मूळ शोधून देणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

आमच्या डॅशहंड जातीच्या चिकूच्या शिंका थांबल्या, त्याबद्दल दवाखान्यात आपले आभार मानले होतेच. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. लहान चणीच्या कुत्र्याला सतत शिंका येऊ लागल्या की ‘ॲलर्जी असेल’ म्हणून विषय संपवला जातो, असे मी अनेक घरांत पाहते. म्हणून आपण कारणाचा शोध कोणत्या क्रमाने घेतलात, हे इतर पालकांनाही कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी इतरत्र मिळालेल्या अँटिबायोटिकने शिंका कमी होत आणि गोळ्या संपल्या की पुन्हा सुरू होत. आपण नवे औषध लिहून देण्याआधी बराच वेळ केवळ प्रश्न विचारलेत. शिंका एकाएकी सुरू झाल्या की हळूहळू वाढत गेल्या, स्राव एकाच नाकपुडीतून येतो की दोन्हींतून, तो पाण्यासारखा आहे की पूमिश्रित, त्यात कधी रक्त दिसले का, आणि घरात अगरबत्ती, डासांची कॉइल किंवा फिनेल यांचा वापर वाढला आहे का, हे सारे आपण विचारलेत आणि प्रत्येक प्रश्नामागचे कारणही समजावून दिलेत.

धूर, धूळ किंवा उग्र वासाचा त्रास असेल, तर बहुधा दोन्ही नाकपुड्यांतून पातळ पाणी येते. गवतातून फिरून आल्याबरोबर शिंकांचा भडिमार सुरू झाला आणि कुत्रा पंजाने नाक घासू लागला, तर आत कुसळ अडकल्याची शंका घ्यावी. लस न दिलेल्या पिल्लाला शिंकांबरोबर ताप असेल आणि डोळ्यांतून घाण येत असेल, तर डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराचा विचार तातडीने करावा लागतो. नाकात राहणारे माइट नावाचे सूक्ष्म परजीवी किडे, लांब नाकाच्या कुत्र्यांत अधिक आढळणारा बुरशीचा संसर्ग आणि वयस्क कुत्र्यांतील नाकातली गाठ, ही कारणेही आपण वगळली नाहीत. नाकातून रक्त येण्यामागे गोचीडतापामुळे कमी झालेल्या प्लेटलेट असू शकतात, म्हणून रक्ततपासणी आधी करून घेतलीत. मी मोबाइलवर घेतलेले चित्रण पाहून, मान ताणून घोरल्यासारखा आवाज करत हवा आत ओढण्याचे झटके आणि खऱ्या शिंका यांतील फरकही आपण दाखवून दिलात. ते झटके लहान जातींत बऱ्याचदा दिसतात आणि क्वचित येऊन आपोआप थांबत असतील तर सहसा निरुपद्रवी असतात, हे ऐकून आमच्या घरची निम्मी काळजी मिटली.

त्यानंतर आपण केलेली एक साधी तपासणी मी विसरू शकत नाही. काचेची थंड पट्टी आपण चिकूच्या नाकासमोर धरलीत; डाव्या नाकपुडीखाली वाफेचा स्वच्छ गोल उमटला आणि उजवीकडचा डाग त्याच्या निम्माही नव्हता. लगेच आपण त्याचा उजवा ओठ वर उचललात. सुळ्यावर कीटण होते, हिरडी लालसर होती, पण दात हलत नव्हता, त्यामुळे आम्हाला त्यात विशेष काही दिसले नसते.

वरच्या सुळ्याचे मूळ बाहेर दिसणाऱ्या भागापेक्षा लांब असते आणि त्याच्या व नाकाच्या पोकळीच्या मध्ये हाडाचा अगदी पातळ पडदा असतो. मोठ्या कुत्र्याइतकेच 42 दात छोट्या जबड्यात दाटीने बसल्यामुळे लहान जातींत हिरड्यांचे आजार लवकर जडतात. टाळूच्या बाजूने हाड झिजत गेले की तोंड आणि नाक यांच्यामध्ये छिद्र पडते, अन्नाचे कण व जंतू नाकात शिरतात, आणि शिंका थांबत नाहीत. ही आतली झीज एक्स-रेमध्ये दिसतेच असे नाही, म्हणून भूल देऊन दात आणि हिरडी यांच्यामधली फट बारीक सळईने तपासणे आवश्यक आहे, हे आपण स्पष्ट सांगितलेत. सीटी स्कॅनचा खर्च आधीच न करायला लावता प्रथम तोंड तपासण्याचा आपला निर्णय मला फार मोलाचा वाटतो. भूल दिल्यावर सळई सुळ्याच्या आतल्या बाजूने खोल गेली आणि उजव्या नाकपुडीतून रक्ताचा थेंब आला, तेव्हा कारण निश्चित झाले. तो दात काढून आपण हिरडीचा पदर ओढून छिद्र टाके घालून बंद केलेत.

माणसांची सर्दीची औषधे कुत्र्याला कधीही देऊ नयेत, त्यांतील स्यूडोएफेड्रिन आणि पॅरासिटामॉल जिवावर बेतू शकतात, हा आपला इशारा मी ओळखीच्या प्रत्येक श्वानपालकाला सांगते.

टाके विरघळेपर्यंत मऊ अन्न दिले, चावण्याची खेळणी बाजूला ठेवली. आता जखम भरून आली आहे, उजवी नाकपुडी कोरडी आहे आणि चिकू शांत झोपतो. कुत्र्यांसाठीच्या पेस्टने रोज दात घासण्याचा क्रम सुरू आहे आणि डाव्या सुळ्याच्या तपासणीसाठी आपण दिलेल्या तारखेला आम्ही येत आहोत. आपले, तसेच भूल उतरेपर्यंत चिकूजवळ बसून राहिलेल्या आपल्या सहायकांचे, आम्हा सर्वांकडून मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
चिकूची पालक