एप्रिलात कळलेला दुष्काळ ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी का जाहीर होतो, साहेब?

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.
(दुष्काळ ज्यांच्या खात्यात येतो ते. महसूलवाले म्हणतात कृषीला विचारा, कृषीवाले म्हणतात मदत व पुनर्वसनाला विचारा. पाण्याचं विचारावं तर जलसंपदा वेगळी, पाणीपुरवठा वेगळा. तेव्हा ज्यांना हे पत्र आपलं वाटेल त्यांनी ते उघडावं.)

मार्च 2024

स. न. वि. वि.

मी धाराशिव जिल्ह्यातला, मांजरा खोऱ्यातला कोरडवाहू शेतकरी. गेल्या आठवड्यात बँकेची पीककर्ज वसुलीची नोटीस आली. आमचं महसूल मंडळ, म्हणजे तालुक्याखालचा गावांचा गट, आपल्याच सरकारच्या 10 नोव्हेंबर 2023 च्या यादीत आहे. त्या दिवशी 1021 मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली आणि आठ सवलती मिळाल्या. त्यातली एक म्हणजे शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती. शासन निर्णयाची झेरॉक्स घेऊन मी शाखेत गेलो. साहेबांनी ती वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि म्हणाले, "हे आमच्याकडे आलेलं नाही." मुंबईत निघालेला कागद चार महिन्यांत आमच्या गावच्या शाखेपर्यंत पोहोचत नसेल, तर तो बैलगाडीने निघाला होता का, एवढं कळवावं.

दुसरी सवलत परीक्षा शुल्क माफीची. पोरीची दहावीची फी आम्ही आधीच भरली होती. परत मिळणार म्हणून खाते क्रमांकाचा फॉर्म भरून दिला, त्यालाही महिने झाले. लहान रक्कम आहे, सोडून देतो. सोडून द्यायची सवय आम्हाला आहेच.

आता मुद्द्याचं. 31 ऑक्टोबर 2023 ला आपण 40 तालुके दुष्काळी जाहीर केले. बांधापलीकडचा वाशी तालुका त्यात आहे, आमचा नाही. वाशीकरांबद्दल आकस नाही, त्यांचंही वाटोळंच झालंय. पण 40 तालुक्यांना रोख मदत आणि 1021 मंडळांना आठ सवलती, ही रेघ ओढली कुणी? दुष्काळ संहितेनं, म्हणता. 2016 ची केंद्राची संहिता मी वाचली आहे. पावसाची तूट, पावसाचा खंड, मग उपग्रहावरून पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, धरणसाठा, भूजल. मग दहा टक्के गावांत जाऊन ॲपवर फोटो. संहितेत खरिपाचा दुष्काळ 30 ऑक्टोबरपर्यंत जाहीर करा म्हटलंय. आपण एक दिवस उशिरा केला, अभिनंदन. पण तोवर सोयाबीन काढून, मळून, विकून झालेलं असतं हो. त्या तारखेला रानात उपग्रहाला दिसणार काय?

माझं खरं भांडण याच्याही आधीचं आहे. 11 एप्रिल 2023 ला हवामान खात्यानं मोसमी पावसाचा अंदाज दिला, सरासरीच्या 96 टक्के. त्याच दिवशी सांगितलं की एल निनो तयार होऊ शकतो आणि त्याचा परिणाम हंगामाच्या उत्तरार्धात दिसेल. जूनमध्ये अमेरिकेच्या हवामान संस्थेनं एल निनो आल्याचं जाहीर केलं. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी तापतं, तिकडे हवा वर चढते, इकडे आपल्यावर दाबून बसते आणि ढग धरत नाहीत. हे मला मोबाइलवर समजलं, तर मंत्रालयात समजलं नसेल असं कसं म्हणू? 1972, 1987, 2002, 2009, 2015, सगळी एल निनोची वर्षं, सगळी तुटीची. प्रत्येक एल निनोला दुष्काळ पडतोच असं नाही, हेही ठाऊक आहे. 1997 ला एवढा मोठा एल निनो असून हिंद महासागर अनुकूल राहिला आणि देशात 102 टक्के पाऊस झाला. आणि 2012 ला एल निनोनं नीट जोर धरला नसतानाही मराठवाडा होरपळला. सह्याद्रीनं आडवलेल्या मुलखात जरा काही बिघडलं की पहिला फटका आम्हालाच. म्हणून तर आधी तयारी लागते.

झालं काय? जुलैत देशात सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त पाऊस आणि ऑगस्टमध्ये 36 टक्के कमी. 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. शेवटी हंगामाची बेरीज 94 टक्के. शाळेत 94 टक्क्यांना पेढे वाटतात. पण सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलात असतं, शेंगा धरत असतं. त्याला सप्टेंबरचं पाणी मागाहून पाजून काय उपयोग? वर पिवळा मोझॅक रोग. शेंगा फोडून पाहिल्या तर आत ज्वारीएवढा चपटा दाणा. मळणी यंत्रवाल्यानं पोत्यामागे पैसे घेतले तेव्हा त्यालाच लाज वाटत होती. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 4600, बाजारात त्याच्याही खाली.

विम्याचं ऐका. 2023 ला एक रुपयात विमा दिलात, आम्ही टाळ्या वाजवल्या. सलग 21 दिवस पावसाचा खंड पडला की 25 टक्के भरपाई आगाऊ. पण अडीच मिलिमीटर पडला की तो पावसाचा दिवस धरतात, आणि पर्जन्यमापक आहे मंडळाच्या गावी, आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. तारेच्या कुंपणात खांब, त्यावर सौर पॅनेल, पॅनेलवर धूळ, कुंपणाला कुणाची तरी शेळी बांधलेली. तिथे ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी शिडकावा झाला. आमच्या शिवारात रस्त्याची धूळसुद्धा बसली नाही. नोंदीत मात्र आमच्यावरही पाऊस पडला आणि खंड मोडला. गंमत म्हणजे फेब्रुवारीत आपणच आणखी 224 मंडळं दुष्काळसदृश जाहीर केलीत, मंडळं नवीन केली पण पर्जन्यमापक बसवायचं राहिलं म्हणून! पावसाच्या आधी पाऊस मोजायचं यंत्र बसवावं, एवढं तरी कुणाला सुचायला हवं होतं.

डिसेंबरात बोअर घेतला. तामिळनाडूची गाडी आली, रात्रभर घरघर. मालकाचा माणूस भोकातून उडणारी पूड तळहातावर घेऊन बॅटरीच्या उजेडात बघायचा आणि मान हलवायचा. सातशे फुटांवर थांबलो. फुफाटा. फुटावर पैसे, पाणी लागो न लागो. जानेवारीत बैलजोडी बाजारात नेली. कडबा घ्यायची ऐपत नव्हती, आणि बाजारात सगळे विकणारेच, घेणारे दोन दलाल. भावाचं लिहीत नाही.

तयारी म्हणजे काय, ते कुणाला माहीत नाही असंही नाही. हैदराबादच्या 'क्रिडा' (CRIDA) या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेनं जिल्ह्याजिल्ह्याचे आपत्कालीन पीक आराखडे करून ठेवलेत. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरा, चार आठवडे लांबला तर काय, मध्येच ओढ दिली तर काय. गेल्या जूनमध्ये आमच्या गावात तो कुणी उघडून दाखवला नाही. आम्ही सालाबादप्रमाणे सोयाबीन पेरलं. एल निनोची चाहूल लागताच चाऱ्याचं बियाणं वाटलं असतं, मांजरा धरणातलं पाणी पिण्यासाठी राखलं असतं, नवी ऊस लागवड रोखली असती! पण उसाचं नाव काढलं की सगळ्या पक्षांची वाचा बसते. राज्यात चार टक्के रानात ऊस आणि सिंचनाचं सत्तर टक्के पाणी त्याला, असं म्हणतात. टक्का-दोन टक्के इकडेतिकडे धरा. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा देशभर फोटो झळकले. त्या पाण्याच्या डब्यांची आरती झाली, उसाचा हिशेब झाला नाही.

पैसे नव्हते म्हणाल तर जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींच्या वर गेले. 2019 पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र होणार होता. सरकारी हिशेब तपासणाऱ्या 'कॅग'नं 2020 ला सांगितलं की भूजलावर फारसा परिणाम नाही. त्याच्याआधी सिंचनावर गेलेले सत्तर हजार कोटी आणि त्यातून वाढलेलं 0.1 टक्का सिंचन आठवतंय ना? तेव्हा तुम्ही विरोधात होता की सत्तेत, आता लक्षात राहत नाही. मधल्या काळात इतके जण इकडून तिकडे गेले. आणि गेल्या सप्टेंबरात संभाजीनगरला मंत्रिमंडळ बैठक झाली, हजारो कोटींचं पॅकेज आणि पश्चिमेचं पाणी गोदावरीत. ते पाणी नदीत नंतर येतं, जाहीरनाम्यात आधी येतं.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची, सुकडी आणि मिलो खाऊन. त्यातून निदान रोजगार हमी निघाली. किल्लारीच्या भूकंपातून आपत्ती व्यवस्थापन निघालं. भूकंप न सांगता येतो. दुष्काळानं तर एप्रिलात कळवलं होतं, आणि आपण सहा महिने पोच दिली नाही.

आता म्हणे ला निना येणार, एल निनोचं उलटं, जास्त पावसाचं. 2021 च्या सप्टेंबरात मांजरा धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा नदीकाठची माती पिकासकट गेली. तेव्हाही मदतीसाठी 65 मिलिमीटर मोजायला मंडळाच्या गावचंच यंत्र. यंदा पावसाआधी प्रत्येक ग्रामपंचायतीत एक पर्जन्यमापक बसवा, आणि जिल्ह्याचा आराखडा मे महिन्यात ग्रामसभेत वाचायला लावा. निवडणुकीची आचारसंहिता आहे, असं सांगू नका. वसुलीची नोटीस आचारसंहितेतच आली आहे.

आणि स्थगितीचा तो आदेश बँकेला पुन्हा एकदा पाठवा, शिक्क्यासह. नोटिशीत मुदत 31 मार्चची आहे.

आपला,
एक शेतकरी
(यादीबाहेरचा तालुका), जि. धाराशिव