गावच्या वर्कशॉपमधील अवजारांना तपासणीचे दार उघडा

महोदय,

वरूड आणि मोर्शी तालुक्यांतील आम्ही काही संत्रा बागायतदारांनी बागेतील नांगरट, वखरणी आणि रोटाव्हेटर पूर्णपणे बंद केले आहेत. संत्र्याच्या अन्नपाणी शोषणाऱ्या तंतुमुळांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या फूटभर थरात असतो आणि रोटाव्हेटरच्या प्रत्येक फेरीत नेमकी हीच मुळे तुटतात. तुटलेल्या मुळांच्या जखमांतून फायटोप्थोरा बुरशीला आत शिरायला वाट मिळते, आणि मूळकूज व डिंक्या या रोगांनी आपल्याकडे किती बागा बसल्या, हे संत्रा पट्ट्यात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय रोटाव्हेटर वर्षानुवर्षे एकाच खोलीवर चालला की त्याच्या पात्यांखाली काळ्या जमिनीत कडक थर तयार होतो आणि पावसाचे पाणी त्यावर साचून राहते. झाडाच्या मुळांना धक्का न लावता बाग करावी, या मताशी आम्ही आलो ते या अनुभवातून.

मशागत थांबली म्हणून तण मात्र थांबत नाही. मृगाचा पाऊस पडला की केना, दुधी, आघाडा, तांदुळजा आणि गाजर गवत एकमेकांशी स्पर्धा करीत वाढतात, आणि उघडीप मिळाली नाही तर श्रावणापर्यंत बागेत कमरेएवढे रान माजते. अशा बागेत साप-विंचवाच्या भीतीने मजूर पाय ठेवायला धजत नाहीत आणि त्यांचे म्हणणे बरोबरच असते. निंदणासाठी वेळेवर मजूर मिळणे तर दुरापास्तच झाले आहे. मग उरते तणनाशक. ग्लायफोसेटला आपल्या देशात चहाचे मळे आणि बिगरपिकाची जागा एवढ्यापुरतीच शिफारस आहे, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याची फवारणी केवळ कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांमार्फतच व्हावी, असे म्हटले. तरीही ते फळबागांत सर्रास मारले जाते. संत्र्याच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबतात. वाऱ्याने उडालेले चार थेंब पानांवर किंवा कोवळ्या झाडाच्या हिरव्या सालीवर पडले तरी झाडाला त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून आमचा मार्ग तण उपटण्याचा किंवा जाळण्याचा नाही, तर ते वेळेवर कापून जागच्या जागी आच्छादन म्हणून पसरण्याचा आहे. अडचण यंत्राची आहे. बाजारातील ट्रॅक्टरचलित गवत कापणी यंत्रे बहुधा मोठ्या ट्रॅक्टरसाठी आणि मोकळ्या रानासाठी बनवलेली असतात. आमच्या बागा सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या, फांद्या खाली आलेल्या, बहार लागला की प्रत्येक झाडाला बांबूचे टेकू दिलेले आणि ओळीने ठिबकच्या नळ्या पसरलेल्या. तेथे रुंद, अवजड यंत्र वळतच नाही. या गरजेतून तालुक्याच्या गावांतील वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये मिनी ट्रॅक्टरला जोडण्याची अवजारे तयार होऊ लागली आहेत, आणि हे पत्र त्यांच्याविषयी आहे.

असे एक अवजार जवळून पाहण्यासारखे असते. चॅनेल आणि अँगलची चौकट, तिला ट्रॅक्टरच्या मागील थ्री पॉइंट जोडणीला अडकवण्याचे तीन कान, वर काटकोनी गिअरबॉक्स आणि खाली फिरत्या पट्टीच्या दोन टोकांना बोल्टवर सैल लटकणारी दोन पाती. पाते सैल ठेवण्याचे कारण असे की दगड किंवा खुंट आडवा आला तर ते मागे वळते आणि धक्का गिअरबॉक्सपर्यंत जात नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना जमिनीवरून घसरणाऱ्या जाड पट्ट्या असतात आणि त्यांची उंची कमी-जास्त करून कापणी जमिनीपासून चार-पाच इंचांवर ठेवता येते. ज्या कारागिराला बागेची खरी जाण आहे, तो चौकटीच्या उजव्या अंगाला स्प्रिंगवर चालणारा एक आखूड हात जोडतो. त्याच्या टोकाशी रबरी चाक असते, ते खोडाला टेकताच हात आपोआप आत सरकतो आणि झाड मागे पडताच पुन्हा बाहेर येतो. दोन झाडांमधल्या जागेतील तण त्यामुळे सालीला ओरखडा न पडता निघते. ठिबकच्या नळ्या मात्र आधी फांद्यांवर उचलून टाकाव्याच लागतात.

या कापणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हरळी आणि लव्हाळा कापल्याने मरत नाहीत. रोटाव्हेटरने तर त्यांचे तुकडे आणि गाठी बागभर पसरतात आणि प्रत्येक तुकड्याला नवा कोंब फुटतो. कापणीत निदान हे घडत नाही, पण त्यांचा बंदोबस्त जाड आच्छादनाची सावली आणि हाताने खणून काढणे यानेच होतो. गाजर गवताचे एक झाड हजारोंनी बी टाकते, त्यामुळे ते फुलावर येण्याआधीच कापले तर उपयोग, नंतर नाही. काळ्या जमिनीत झडीच्या पावसात वाफसा, म्हणजे काम करण्याजोगा बेताचा ओलावा, येत नाही आणि ट्रॅक्टर आत घालता येत नाही; घाई करून घातला तर चाकाखाली जमीन दबते आणि मशागत बंद करून जे कमावले ते जाते. कापलेले गवत झाडाच्या घेरात ओढावे, पण खोडाभोवती हातभर जागा मोकळी ठेवावी, कारण ओले गवत खोडाला चिकटून राहिले तर डिंक्याला आमंत्रणच मिळते.

याहून सोपे, आणि माझ्या मते अधिक मोलाचे, अवजार म्हणजे पात्यांचा रोलर. जाड लोखंडी पाइपवर बोथट पट्ट्या तिरप्या वेल्ड केलेल्या असतात आणि वजनासाठी पाइपमध्ये पाणी भरता येते. दक्षिण ब्राझीलमधील विना नांगरणी शेती करणारे शेतकरी असा रोलर कित्येक दशके वापरत आले आहेत. बागेच्या पट्ट्यात जूनमध्ये दाट ताग पेरावा आणि तो फुलावर आला की त्यावरून रोलर फिरवावा. बोथट पट्ट्या ताग कापत नाहीत, त्याची खोडे जागोजाग चेपतात. चेपलेला ताग मुळासकट जागेवरच आडवा होऊन वाळतो आणि त्याची चटई पुढचे तण दाबून धरते. पट्ट्या धारदार केल्या किंवा फुलाआधीच रोलर फिरवला तर ताग पुन्हा फुटतो, ही चूक अनेक ठिकाणी होताना दिसते. या अवजाराला पीटीओ, म्हणजे अवजार चालवणारा ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, लागत नाही, फिरते पाते नाही, गिअर नाही. गावच्या वेल्डरला ते सहज जमते.

पीटीओवर चालणाऱ्या अवजारांची गोष्ट वेगळी आहे आणि मला खरी काळजी तिथलीच वाटते. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो. योग्य गिअरबॉक्सने हा वेग दीडपट केला तर चार फूट व्यासाच्या फेऱ्यात फिरणाऱ्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे १८० किलोमीटर होतो, आणि तेवढा वेग गवत कापायला पुरेसा आहे. काही वर्कशॉपमध्ये मात्र भंगारातील जीपचा डिफरन्शियल, म्हणजे चाकांना फिरवणारी गिअरपेटी, वापरला जातो. त्यात साधारण एकास चार असे प्रमाण असते. सरळ बसवला तर पाते इतके सावकाश फिरते की गवत नुसते लोळते, आणि उलटा बसवला तर टोकाचा वेग ताशी चारशे किलोमीटरच्याही वर जातो. त्या वेगाने सुटलेला दगड किंवा तुटलेले पाते कोणाला लागले तर काय होईल, याचा विचारही करवत नाही. पाती अनेकदा गाडीच्या जुन्या कमानपाट्याची असतात. ते पोलाद चांगले, पण वेल्ड केले की जोडाजवळ ठिसूळ होते, म्हणून पाते बोल्टनेच बसवले पाहिजे आणि दोन्ही पात्यांचे वजन सारखे असले पाहिजे. चौकटीला पुढे-मागे साखळ्यांची झालर हवी. पीटीओच्या शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण हवेच हवे, कारण सेकंदाला नऊ फेरे फिरणाऱ्या शाफ्टमध्ये दुपट्ट्याचे टोक गेले तर क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

या गोष्टी कारागिरांना कोणी सांगितलेल्याच नाहीत. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून अवजारांना अनुदान मिळते, पण ते तपासणी झालेल्या यंत्रालाच, आणि तसे असणे योग्यही आहे. मात्र वर्षाला मोजकी अवजारे बनवणारा गावचा कारागीर मध्य प्रदेशातील बुदनी किंवा हरियाणातील हिसारच्या तपासणी केंद्रापर्यंत कसा पोहोचणार? परिणामी जमीन उकरणाऱ्या रोटाव्हेटरला सरकारी पैसा मिळतो आणि जमीन राखणारे अवजार कोणत्याही तपासणीशिवाय, कोणत्याही आवरणाशिवाय बागेत फिरत राहते. कारागिराकडे कल्पकता नाही, असे तर कोणी म्हणू शकत नाही. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी साध्या सायकलचे तण काढण्याचे अवजार केले आणि अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलला कोळपे जोडले. या दोघांचीही दखल राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने घेतली.

आमची मागणी मोठ्या निधीची नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील कृषी अभियंत्यांनी आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने पावसाळ्यापूर्वी संत्रा पट्ट्यात तालुकावार तपासणी शिबिरे घ्यावीत. गिअरचे प्रमाण, पात्यांची जोडणी, झालर आणि शाफ्टचे आवरण तेथे पाहावे, दुरुस्ती सुचवावी आणि योग्य अवजाराला साधे प्रमाणपत्र द्यावे. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीवर संशोधन करणाऱ्या रोडेल इन्स्टिट्यूटने आपल्या रोलरचे आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. तसेच आपल्या अंतराला आणि मिनी ट्रॅक्टरला बेतलेले रोलरचे व कापणी यंत्राचे मापासहित आराखडे मराठीत छापून वर्कशॉपपर्यंत पोहोचवावेत. कृषी विभागाने अशा प्रमाणपत्रावर भाड्याने अवजारे देणाऱ्या अवजार बँकांना ही अवजारे घेण्याची मुभा द्यावी, आणि या मुभेची सुरुवात पीटीओ न लागणाऱ्या रोलरपासून करावी, म्हणजे येत्या जूनमध्ये ताग पेरणाऱ्यांना तो फुलावर येईपर्यंत भाड्याने रोलर मिळू शकेल.

आपला,
एक संत्रा बागायतदार,
ता. वरूड, जि. अमरावती