संकेतस्थळे नव्या पीएचपीवर केव्हा न्यावीत

टिळकवाडी, बेळगाव
२० जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

निपाणीहून पाठवलेले तुझे पत्र मिळाले. पीएचपी, म्हणजे ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर ही संकेतस्थळे चालतात, तिच्या जुन्या ७.४ आवृत्तीवरच्या संकेतस्थळांना यापुढे जादा आकार लागेल असे, सर्व्हरवर जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीने कळवल्यापासून तू काळजीत आहेस, आणि सगळी संकेतस्थळे एका रात्रीत नव्या आवृत्तीवर न्यावीत की ग्राहक तक्रार करेपर्यंत थांबावे, एवढेच दोन मार्ग तुला दिसत आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. कोणते संकेतस्थळ केव्हा हलवायचे हे त्या ग्राहकाचे वर्षभराचे काम पाहून, प्रत्येकासाठी वेगळे, आपणच ठरवायला हवे.

थांबणे का नको ते आधी सांगतो. ७.४ च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या २८ नोव्हेंबर २०२२ रोजीच बंद झाल्या. ८.० ची मुदत २०२३ च्या नोव्हेंबरात संपली आणि ८.१ ची तर गेल्या ३१ डिसेंबरला. म्हणजे तू ज्यांचे काम पाहतोस त्या सौहार्द (सहकारी पत) संस्थेच्या सभासदांची नावे, पत्ते आणि खात्यांचे तपशील तीन वर्षांहून अधिक काळ अशा आवृत्तीवर आहेत, जिच्यात सापडलेले भगदाड मूळ प्रकल्पाकडून कोणी बुजवत नाही. त्या सभासदांनी आपली माहिती संस्थेवर विश्वास ठेवून दिली आहे, आणि तो विश्वास सांभाळण्याचा एक भाग आपल्याकडे आला आहे, असे मी मनापासून मानतो.

कोणत्या आवृत्तीवर जावे याबाबत माझे मत स्पष्ट आहे: ८.४. आता प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षे पूर्ण देखभाल आणि नंतर दोन वर्षे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्या हिशेबाने ८.४ ला ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत मुदत आहे. ८.२ वर गेलास तर या वर्षाच्या अखेरीस पुन्हा हेच काम निघेल. ८.५ नोव्हेंबरात आली आहे आणि चांगलीही असेल, पण वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीत जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्लगिनांचे (जोड-प्रोग्रॅमांचे) लेखक तिच्याशी जुळवून घेईपर्यंत आपण घाई करू नये.

आता वेळेचे. सौहार्द संस्थेला मार्चअखेरपर्यंत अजिबात हात लावू नकोस. वसुली, व्याजाची आकारणी आणि ताळेबंद या धांदलीत कारकुनाला पडद्यावर एक अनोळखी सूचना दिसली, तरी त्याचा दिवस वाया जातो. एप्रिलच्या उत्तरार्धात काम धर. तोपर्यंतचा जादा आकार भरणे मला योग्य वाटते, मात्र एक गोष्ट कंपनीला लेखी विचार: त्या पैशांत ते जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतः करून देतात, की जुनी आवृत्ती नुसती चालू ठेवतात? काही कंपन्या खरोखर दुरुस्त्या देतात. तुझी देत नसेल, तर सभासदांचा लॉगिन काही आठवडे बंद ठेवून फक्त माहितीची पाने चालू ठेवावीत असे मी चेअरमनना सांगेन.

शाळेचे संकेतस्थळ प्रवेश संपून वर्ग सुरळीत झाल्यावर, जुलैमध्ये घे. मंगल कार्यालयासाठी चातुर्मासाची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण यंदा अधिक ज्येष्ठ आहे आणि मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत मुहूर्तच नाहीत. उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या संकेतस्थळावर फक्त चौकशीचा अर्ज आहे. ते याच आठवड्यात हलव, म्हणजे तुझाही हात बसेल.

सर्वांत अधिक जपायचे ते देवनागरी मजकुराला. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. तुझ्या संस्थेचा कोड पीएचपी ५ च्या काळातला असून पुढे कसाबसा ७.४ पर्यंत ओढत आणला आहे, असे तू लिहितोस. तेव्हा डेटाबेसशी त्याची जोडणी बहुधा अजून लॅटिन-१ या फक्त रोमन अक्षरांच्या जुन्या पद्धतीचीच असेल. अशा जोडणीतून ते तीन बाइट तीन सुट्या रोमन अक्षरांप्रमाणे साठवले जातात आणि वाचताना तसेच परत येतात, त्यामुळे पडद्यावर ‘शिंदे’ हे ‘शिंदे’च दिसते आणि इतकी वर्षे कोणाला काही कळत नाही. नव्या सर्व्हरवर जोडणी यूटीएफ-८एमबी-४ ची (डेटाबेसमधल्या पूर्ण यूटीएफ-८ ची) झाली की डेटाबेस त्या प्रत्येक खोट्या अक्षराचे इमानेइतबारे रूपांतर करतो, आणि ‘श’च्या जागी तीन निरर्थक खुणा उमटतात. आपल्याकडे तर एकाच तक्त्यात मराठी नाव आणि कन्नड पत्ता असतो. कन्नड लिपीचेही नेमके हेच होते.

हे दुरुस्त करता येते: तक्ता खरोखर लॅटिन-१ चा असल्याची खात्री करून, त्याच्या प्रतीवर, तो रकाना आधी बायनरी प्रकारात न्यायचा आणि मग यूटीएफ-८एमबी-४ चा करायचा. पण हे काम आणि आवृत्तीबदल कधीही एकत्र करू नकोस. आवृत्ती होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमधून (नियंत्रणाच्या पानावरून) पाच मिनिटांत मागे घेता येते. साठवलेला मजकूर बदलला की ती सोय राहत नाही. अक्षरांचे काम ७.४ वर असतानाच पूर्ण कर, सभासदांची यादी छापून कारकुनाकडून वाचून घे, आणि मगच पुढे जा.

दुसरा धोका हिशेबातला आहे आणि तो अधिक गुपचूप येतो. पीएचपी ७ पर्यंत रिकामा मजकूर (एकही अक्षर नसलेला) आणि शून्य यांची दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केली तर ती समान ठरत असत, ८.० पासून ठरत नाहीत. दंडव्याजाचा रकाना कारकुनाने मोकळा सोडला असेल आणि कोडमध्ये ‘शून्य असेल तर दंड नाही’ अशी अट असेल, तर ती अट आता लागू होणार नाही. कसलीही त्रुटी नोंदवली जाणार नाही, फक्त पावती वेगळी निघेल. म्हणून चाचणीच्या प्रतीवर मागच्या मार्चच्या पावत्या पुन्हा काढून जुन्या पावत्यांशी ताडून पाहा. त्रुटींची नोंदवही पाहून हे कळणार नाही.

दोन लहान गोष्टी. प्रत्येक आवृत्तीची एक्सटेन्शने (जोडभाग) पॅनेलमध्ये वेगळी निवडावी लागतात, तेव्हा देवनागरीसारखा मजकूर नीट हाताळणारे एमबीस्ट्रिंग चालू आहे ना ते पाहा. आणि रात्री ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे क्रॉनचे काम अनेकदा संकेतस्थळापेक्षा वेगळ्या पीएचपीवर चालते. त्याचा मार्ग तपासला नाहीस तर पाने ८.४ वर आणि व्याजाची आकारणी ७.४ वर, असा प्रकार महिनोन्महिने चालू राहील.

मंडळाच्या जुन्या स्मरणिकेचे संकेतस्थळ मात्र नव्या आवृत्तीवर नेऊच नकोस. त्यात कोणी भर घालत नाही. त्याची साधी एचटीएमएल पाने करून ठेव. मग त्याला पीएचपीच लागणार नाही.

संचालक ‘दिसायला तर काहीच बदलले नाही’ असे म्हणतील आणि बिलावर अडतील, हे तू लिहिलेस ते खरे आहे. त्यांना सभेत वेगाचे आकडे सांगत बसू नकोस. मुदतीच्या तारखा कागदावर लिहून दे, आणि पुढचा बदल २०२८ संपण्याच्या आत करावा लागेल हेही त्याच कागदावर घाल, म्हणजे तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरला जाईल. तुझी मजुरी कमी करून हे काम गळ्यात घेऊ नकोस.

संस्थेच्या तक्त्यांची रचना आणि जोडणीची फाइल, पासवर्ड काढून, मला पाठव. फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी मी निपाणीला येतो. अक्षरांचे काम आपण दोघे मिळून आधी तक्त्यांच्या प्रतीवर करून पाहू, कारण ते एकट्याने करण्याचे नाही; चालू संकेतस्थळाला मात्र एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित