निवडणुकीची पत्रकं रद्दीत घालू नका, आणि सरकारी कचेऱ्यांनीही घालू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेची निवडणूक झाल्यावर शहरात पत्रकांचा आणि फ्लेक्सचा किती कचरा निघाला त्याची बातमी तुमच्या पेपरात वाचली, फोटो पण बघितला. फ्लेक्सबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, ते प्लास्टिक आहे, गेलं ते बरंच झालं. पण त्याच ढिगात कागदी पत्रकं दिसली, स्लिपा दिसल्या, चार उमेदवारांच्या पॅनलचे ते हात जोडलेले फोटो दिसले आणि जीव थोडा खालीवर झाला, कारण मी हीच पत्रकं गोळा करतो. घरचे हसतात, शेजारी तर दारातलं पत्रक उचलून "हे घ्या तुमचं" म्हणून आणून देतात, आता मला त्याचं काही वाटत नाही.

लोकांना वाटतं यात काय जमवायचं, सगळ्या पत्रकांवर तेच ते, "आपला हक्काचा माणूस", "प्रचंड बहुमताने विजयी करा". खरंय, मजकूर बऱ्याचदा तोच असतो. मी तो फार वाचत पण नाही. मी बघतो चिन्ह कसं काढलंय, पाठिंबा देणाऱ्यांची यादी कुठल्या क्रमाने लावलीय, मत कसं द्यायचं हे कसं समजावलंय आणि सगळ्यात खाली बारीक टायपात प्रेसचं नाव काय आहे. पुढाऱ्यांची भाषणं पेपरात आली, आत्मचरित्रं आली, पण वॉर्डातल्या मतदाराला नक्की काय सांगितलं गेलं ते फक्त या कागदावर असतं आणि हा कागद मतदानाच्या दुसऱ्या दिवशी भेळेला जातो.

१९५२ ची निवडणूक घ्या. आज आपल्याला वाटतं मतपत्रिका म्हणजे नावांची यादी आणि त्यावर शिक्का. तेव्हा तसं नव्हतंच. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि मतदाराने कागदावर काहीही न लिहिता तो आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. १९५७ लाही हेच. त्यामुळे त्या काळच्या पत्रकाचं मुख्य काम होतं पेटी ओळखायला शिकवणं, काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. शिवाय काही मतदारसंघ दोन जागांचे, तिथे मतदाराला दोन मतं. उत्तर मुंबईत १९५२ ला डॉ. आंबेडकर काजरोळकरांकडून हरले तो मतदारसंघ असाच दोन जागांचा, आणि मतं मुद्दाम कुजवायला, म्हणजे दोनातलं एक मत वाया घालवायला, सांगितली गेली अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला होता. म्हणजे मतदाराला काय सांगितलं, कुठल्या शब्दात सांगितलं यावरच सगळा वाद. अशा वादात एक पत्रक हातात असणं आणि नसणं यात किती फरक पडतो ते वकिलांना विचारा.

१९५७ च्या संयुक्त महाराष्ट्र समितीचंही असंच. समिती एक, पण आत शेतकरी कामगार पक्ष, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, फेडरेशन असे सगळे, आणि चिन्हं आपापली. एका तालुक्यात प्रजा समाजवादींच्या झोपडीला मत द्या, शेजारच्या तालुक्यात फेडरेशनच्या हत्तीला, आणि दोन्हीकडे घोषणा एकच, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हे लोकांच्या गळी कसं उतरवलं असेल! अत्र्यांच्या सभांचे किस्से आपल्याला तोंडपाठ आहेत, अमर शेख आणि अण्णाभाऊंचे पोवाडेही, पण त्या निवडणुकीची तालुक्याची पत्रकं शोधायला जा, रद्दीवाला हसतो.

माझ्याकडचा आवडता कागद १९७७ चा आहे. पतंगी कागद, गुलाबी असावा पण आता पिठल्याच्या रंगावर गेलाय, ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर छापलेला. वर मोठ्या खिळ्यांत, म्हणजे मोठ्या टायपात, "लोकशाही की हुकूमशाही" आणि खाली चक्रातला नांगरधारी शेतकरी. हे चिन्ह मुळात भारतीय लोकदलाचं, जनता पक्ष घाईघाईत उभा राहिला म्हणून सगळ्यांनी तेच घेतलं, त्यामुळे पत्रकाचा निम्मा मजकूर जुन्या जनसंघवाल्यांना आणि समाजवाद्यांना समजावण्यात गेलाय की बाबांनो यावेळी पणती शोधू नका, झाड शोधू नका, शेतकरी शोधा. चित्राचा ब्लॉक म्हणजे ठसा इतका झिजलेला की शेतकऱ्याच्या खांद्यावर नांगर आहे का बंदूक ते कळत नाही. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरकडचे "ळ" संपले असावेत, शेवटच्या तीन ओळीत "ळ" दुसऱ्याच जाडीचा आहे. आणि मागच्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने किराण्याची बेरीज केलीय, तूरडाळ, गूळ, चहापूड, काड्यापेटी. बेरीज केली म्हणून तो कागद राहिला, नाहीतर कधीच चुलीत गेला असता.

एक गंमत सांगतो, या पत्रकांवर साल कधीच नसतं. "येत्या रविवारी सकाळी ८ ते ५" एवढंच, छापणाऱ्याला काय माहीत पन्नास वर्षांनी कोणी चष्मा लावून बघत बसणार आहे. मग साल काढायचं कसं, तर चिन्हावरून. बैलजोडी असेल तर काँग्रेस फुटण्याच्या म्हणजे १९६९ च्या आधीचं, गाय-वासरू असेल तर १९७१ पासूनच्या पुढच्या काही वर्षांतलं, आणि हात दिसला की १९७८ किंवा नंतरचं. ७८ च्या विधानसभेची हाताची पत्रकं मिळाली तर सोडू नका, काही आठवड्यांत लोकांना नवं चिन्ह शिकवायचं होतं त्यामुळे हाताची चित्रं एकेक नमुनेदार आहेत, एकात तर हात सरळ दवाखान्याच्या पाटीवरून उचललाय असं वाटतं. शिवसेनेचं धनुष्यबाण १९८९ पासूनचं, त्याआधी ढाल-तलवार, रेल्वे इंजिन, मशाल असं काहीही असू शकतं, त्यामुळे २०२२ ला शिवसेना फुटल्यावर मशाल आणि ढाल-तलवार परत आली तेव्हा जमवणाऱ्यांना नवल वाटलं नाही. पत्त्यावरूनही कळतं. पिनकोड १९७२ च्या १५ ऑगस्टला आला, तेव्हा सहा आकडी पिन असेल तर पत्रक त्यानंतरचं हे नक्की. नुसतं "पुणे २" किंवा "मुंबई १४" असेल तर मात्र खात्री नाही, लोक ते पुढे कित्येक वर्षं तसंच लिहायचे. फोन नंबर किती आकडी आहे तेही बघायचं. "१८ वर्षांच्या तरुण मित्रांनो" असं असेल तर १९८९ च्या अलीकडचं, कारण त्याआधी मताला २१ वर्षं लागायची.

बिल्ल्यांबद्दल बोलत नाही. बिल्ल्यांना हल्ली भाव आलाय, जुन्या बाजारात पत्र्याचा बिल्ला दिसला की चार हात पुढे येतात आणि नवीन छापून जुना म्हणून विकणारेही आहेत. माझं स्पष्ट मत, बिल्ला दिसायला छान पण मुका. पत्रक बोलतं.

आता मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२७ क म्हणून कलम आहे, १९६१ पासून. त्यानुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो, प्रकाशकाने सही केलेलं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र प्रेसवाल्याला द्यावं लागतं, आणि छापून झाल्यावर प्रेसवाल्याने त्या घोषणापत्राची एक प्रत आणि पत्रकाची एक प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या कलेक्टर साहेबांकडे पाठवायची, राजधानीत छापलं असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रेसवाल्यांना हे सगळं माहीत असतं, निवडणूक लागली की त्यांची मीटिंगच घेतात.

म्हणजे बघा, दर लोकसभेला आणि दर विधानसभेला प्रत्येक जिल्ह्यात छापलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत सरकारच्या दारात आपणहून यायची सोय कायद्यानेच केलीय. वेगळा माणूस नको, वेगळं बजेट नको. अट एकच, हिशोबाचं आणि तक्रारींचं काम आटोपलं, मुदत संपली, की तो गठ्ठा रद्दीत न काढता जुने सरकारी कागद जपणाऱ्या पुराभिलेख विभागाकडे किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाकडे द्यायचा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, पुण्यात पेशवे दप्तर आहे, पेशव्यांच्या काळातला जमाखर्चाचा चिटोरा जपणाऱ्या राज्याला कालपरवाच्या निवडणुकीचा कागद जपता येणार नाही असं मला वाटत नाही. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सगळ्या जिल्ह्यांना एक परिपत्रक काढलं तरी काम होईल. महापालिका, जिल्हा परिषदा राज्य निवडणूक आयोगाकडे येतात, त्यांनीही तसंच करावं, खरी मजा तर तिथेच असते, चिन्हं बघा, कपबशी, शिलाई मशीन, छत्री, नारळ.

एवढं झालं तरी सगळं येणार नाही हेही सांगतो. नुसती सभेची तारीख, वेळ आणि ठिकाण सांगणारं हँडबिल या कलमात बसत नाही, त्याला सूट आहे. आणि मतदानाच्या आदल्या रात्री दाराखालून सरकवलेलं निनावी पत्रक, ज्यावर ना मुद्रक ना प्रकाशक, ते छापणारा काही कलेक्टरकडे प्रत घेऊन जाणार नाही! खरं तर असल्याच पत्रकांना आळा बसावा म्हणून हे कलम आहे. पण पुढे कोणाला त्या निवडणुकीत खरं काय चाललं होतं ते शोधायचं असेल तर हीच पत्रकं लागतील, जातीवरून काय लिहिलं, कोणाच्या बायकोबद्दल काय लिहिलं, कोणाच्या नावाचा खोटा पाठिंबा छापला. ती फक्त लोकांच्या घरात सापडतात, माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या कार्यकर्त्याच्या डायरीत घडी घालून.

म्हणून ग्रंथालयांनीही जरा हात पुढे करावा. मी माझ्याकडचे डबल झालेले कागद एका ग्रंथालयाला द्यायला गेलो होतो, नाव सांगत नाही, माणसं चांगली होती, चहा पण दिला, पण म्हणाले याला लेखक नाही, किंमत नाही, पानं नाहीत, दाखल नोंदवहीत चढवायचं कसं. अडचण खरी आहे पण सुटण्यासारखी आहे. इंग्लंडात ब्रिस्टल विद्यापीठाने १८९२ पासूनची उमेदवारांची पत्रकं जपलीत. अमेरिकेत न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन विद्यापीठ दक्षिण आशियातली पत्रकं, पोस्टरं असा सगळा सुटा कागद गोळा करून स्कॅन करून ठेवतं. त्यांनी जपलं याचा राग नाही, उलट आभार, पण आपल्या गल्लीतला कागद बघायला न्यू जर्सीचं तोंड बघायचं म्हणजे जरा जास्तच होतं. एक बॉक्स फाईल, वर निवडणुकीचं नाव आणि साल, आत मतदारसंघाप्रमाणे पाकिटं, सुरुवातीला एवढंही पुष्कळ.

ज्यांच्या घरात असे कागद आहेत त्यांना हात जोडून विनंती, लॅमिनेशन करू नका. चांगल्या भावनेने करतात लोक, पण ते परत निघत नाही आणि आतल्या आत कागद मरतो. सेलोटेप तर नाहीच नाही. मागे मऊ पेन्सिलीने साल, गाव आणि कुठून मिळालं ते लिहा, सपाट ठेवा, ऊन आणि वाळवी यांच्यापासून लांब.

आणि आत्ताचंही ठेवा. २००४ ला लोकसभेला देशभर ईव्हीएम आलं, शिक्का गेला, तरी प्रचाराचा रिक्षावाला अजून "ताई माई अक्का, विचार करा पक्का" म्हणून शिक्क्यावरच येतो कारण बटणाला यमक सापडत नाही, हे सुद्धा कुठेतरी नोंदलेलं असायला हवं. ती पुठ्ठ्याची खोटी मशीन, ज्यात एकाच नावापुढे बटण असतं, ती मी जमवतो. २०२४ ला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह "तुतारी वाजवणारा माणूस" आणि नुसत्या "तुतारी" नावाची पिपाणी यावरून जो घोळ झाला त्याची पत्रकं आत्ता फुकट मिळतील, दहा वर्षांनी कोणाला खरं वाटणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं तर मोबाईल बदलला की गेलंच, त्याला कुठलं १२७ क.

शेवटी एक स्वार्थी विचारणा. १९६२ ला उत्तर मुंबईत कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी ही जी लढत झाली, त्यातलं मराठी पत्रक मला अजून बघायलाही मिळालेलं नाही, इंग्रजीतलं खूप ऐकलं. तसंच १९६७ ला दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांनी स. का. पाटलांना पाडलं त्या प्रचाराचं मराठी काहीही. गिरगाव, लालबाग, अंधेरीकडच्या कोणा वाचकाच्या घरी असेल तर मूळ कागद मला नको, दोन्ही बाजूंचा सरळ उजेडात काढलेला फोटो तुमच्या कार्यालयाकडे पाठवला तरी चालेल, मी येऊन बघून जाईन.

आपला,
एक जुना वाचक, पुणे