महाविद्यालयीन नौकाशर्यतींच्या थेट प्रक्षेपणाला विद्यापीठांनी पाठबळ द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंब्रिज विद्यापीठातील महाविद्यालयांच्या ‘मे बम्प्स’ या नौकाशर्यती दरवर्षी जून महिन्यात कॅम नदीवर चार दिवस चालतात. माझी पुतणी तेथे शिकते आणि तिच्या महाविद्यालयाच्या नौकेत वल्हे मारते, त्यामुळे आम्ही घरची मंडळी या शर्यती पुण्यात बसून पाहतो. वरच्या विभागांच्या, म्हणजे क्रमाने आघाडीवर असलेल्या नौकांच्या गटांच्या, शर्यती तिथे संध्याकाळी होतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीची जेवणे आटोपलेली असतात. हे सारे आम्हाला पाहता-ऐकता येते ते कोणा वाहिनीमुळे नव्हे, तर विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी विनामोबदला जे प्रक्षेपण करतात त्यामुळे. त्यांच्या कामातून आपल्या विद्यापीठांनी घेण्यासारखे बरेच आहे, म्हणून हे पत्र.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांमधल्या टेम्स नदीवरील वार्षिक शर्यतीचे समालोचन बीबीसीने रेडिओवर 1927 साली आणि दूरचित्रवाणीवर 1938 साली सुरू केले. त्या शर्यतीत दोनच नौका असतात आणि निकाल एका दमात लागतो. महाविद्यालयांच्या शर्यतींचे तसे नाही. कॅम नदी इतकी अरुंद आणि वळणावळणाची आहे की आठ वल्हेकऱ्यांच्या नौका तीवर शेजारी-शेजारी धावूच शकत नाहीत. म्हणून एका विभागातल्या नौका काठाने एकामागे एक, सुमारे दीड नौकेचे अंतर राखून उभ्या केल्या जातात आणि तोफेच्या आवाजासरशी सगळ्या एकदम सुटतात. मागून येऊन पुढच्या नौकेला गाठायचे, म्हणजे धक्का द्यायचा, आणि स्वतःला मागच्या नौकेपासून वाचवायचे, एवढाच खेळ. जिने गाठले ती दुसऱ्या दिवशी एक जागा वर चढून सुरुवात करते आणि चौथ्या दिवशीचा शेवटचा क्रम पुढच्या वर्षीचा पहिला क्रम ठरतो. विभाग अनेक, पुरुषांचे वेगळे, महिलांचे वेगळे. शिवाय खालच्या विभागात अव्वल राहिलेली नौका त्याच दिवशी वरच्या विभागाच्या शेपटाला उभी राहून पुन्हा वल्हवते. असला पसारा कोणतीही व्यावसायिक वाहिनी अंगावर घेणार नाही, आणि घेतला तरी तिच्या समालोचकाला तो दिवसभर पेलवणार नाही. ज्याने स्वतः त्या वळणांवर वल्हे मारले आहे त्यालाच ते जमते. केंब्रिजचे विद्यार्थी चालवत असलेले ‘कॅम एफएम’ हे रेडिओ केंद्र या शर्यतींचे समालोचन करते, आणि त्याचे मोल मला चित्रापेक्षाही अधिक वाटते.

याचे कारण शर्यतीतच आहे. नौकेबरोबर काठावरून सायकलवर तिचे प्रशिक्षक आणि सहकारी धावत असतात. पुढच्या नौकेशी अंतर घटत जाईल तसतशा ते शिट्ट्या वाढवत नेतात. वल्हेकऱ्यांची तोंडे मागच्या दिशेला असल्याने पुढे काय आहे ते त्यांना दिसत नाही. शिट्ट्यांवरूनच त्यांना कळते की आता जोर लावायचा. दूरदेशी बसलेल्या प्रेक्षकालाही तेच कळते. काठावर गर्दी दाटली की मोबाइलचे नेटवर्क कोलमडते आणि नेमके नौका गाठली जाण्याच्या क्षणी चित्र गोठते. पण आवाज सुरू असला तर शर्यत हातची जात नाही. म्हणून असे प्रक्षेपण करू पाहणाऱ्यांनी महागडा कॅमेरा घेण्याआधी वाऱ्यात टिकणारा चांगला मायक्रोफोन घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. दुसरी गोष्ट संयमाची आहे. नौका एकमेकींवर आदळतात, कधी कोणाला लागते. ही सारी विशी-बाविशीतली मुले असतात आणि त्यांचे आईवडील कुठेतरी दूर पडद्यासमोर बसलेले असतात. अशा वेळी कॅमेरा दुसरीकडे वळवावा आणि समालोचकाने खात्री नसलेले काही बोलू नये, हा नियम प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच ठरलेला असला पाहिजे.

आता आपल्याकडचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 सालचा आहे. मुळा-मुठेवर होणारा तेथील ‘रेगाटा’ हा नौकामहोत्सव विद्यार्थीच उभा करतात आणि तो पाहिलेला पुणेकर त्यातले कयाक या छोट्या नौकांचे नृत्य विसरत नाही. दापोडीला लष्कराचे नौकानयन केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या चौघांत होते. पण हा खेळ त्यांच्या हाती आला तो लष्करात भरती झाल्यावर. धरणांच्या काठी वाढणाऱ्या किती मुलामुलींनी नौकानयनाची शर्यत एकदा तरी पाहिली असेल? खेळ दिसलाच नाही तर त्याची ओढ लागणार कशी? शिवाय नदीवरची शर्यत घरोघरी दिसू लागली, तर जलपर्णी आणि सांडपाणी यांविषयी विचारणारेही वाढतील.

साधने नाहीत, असे म्हणता येणार नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे 107.4 एफएमवरचे केंद्र आहे, पत्रकारितेचे विद्यार्थी आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी तर आहेतच. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत. प्रक्षेपणाच्या कामाला ते मिळावेत. मात्र स्वयंसेवक म्हणजे फुकटचे मनुष्यबळ, अशी समजूत करून घेऊ नये. काठावर वीज, पावसापासून आडोसा, मोबाइलवर विसंबून न राहणारी इंटरनेटची स्वतंत्र जोडणी, साहित्याचा विमा आणि कॅमेरा घेऊन पाण्यालगत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट हा खर्च आयोजकांचा आहे. परिपत्रक काढून एखाद्या प्राध्यापकाच्या माथी काम मारण्याने तो भागणार नाही.

पुढील हंगामातील आंतरमहाविद्यालयीन शर्यतींच्या अंदाजपत्रकात प्रक्षेपणासाठी वेगळी तरतूद दाखवावी आणि समालोचनाचे प्रशिक्षण माजी वल्हेकऱ्यांकडून द्यावे, अशी विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना माझी विनंती आहे. तसे झाल्यास प्रशिक्षणासाठी वेळ द्यायला माझ्यासारखे अनेक जुने वल्हेकरी आनंदाने पुढे येतील.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे